कासव घालण्याचा हुकूम : डग्लस कूपलंड यांची 'जेपॉड'

व्हँकुव्हरमधील व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत स्केटबोर्डचा एक खेळ तयार होत आलेला असतो. मार्केटिंगचे नवे प्रमुख स्टीव्ह बैठकीत येतात आणि या खेळात एक गोंडस, लाघवी कासव असलेच पाहिजे, असे फर्मान काढतात. या गृहस्थांची ख्याती एवढीच, की टॉब्लेरोन या चॉकलेटचा घसरलेला धंदा त्यांनी दोन वर्षांत सावरला होता. चॉकलेटचा खप वाढवण्याच्या अनुभवाचा स्केटबोर्डशी काय संबंध, हा प्रश्न ज्यांना पडतो ते पगारदार असतात. त्यामुळे कासव येते. त्याचा स्वभाव अमेरिकेतील एका लोकप्रिय रिअ‍ॅलिटी शोच्या सूत्रसंचालकावर बेतायचा असेही ठरते, आणि खेळासाठी राबणारी मंडळी कुरकुरत का होईना, कासवाच्या कामाला लागतात. कॅनडाचे कादंबरीकार डग्लस कूपलंड यांची २००६ साली प्रसिद्ध झालेली 'जेपॉड' ही कादंबरी या कासवापासून सुरू होते.

इतक्या जुन्या कादंबरीचे परीक्षण आता कशासाठी, असे कोणी विचारील. सांगलीत, विशेषतः विश्रामबागेच्या आसपासच्या वस्तीत, ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुण्याला हिंजवडीत नोकरीला नाही असे घर शोधावे लागते. शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ही मुले येतात, रविवारी रात्री परत जातात, आणि आपण तिथे नेमके काय करतो हे आईवडिलांना समजावून सांगण्याचा नाद त्यांनी केव्हाच सोडून दिलेला असतो. या मुलांच्या कचेरीतला कंटाळा, तिथली भाषा, तिथले विनोद आणि तिथली लाचारी मराठी कादंबरीत माझ्या तरी वाचनात फारशी आलेली नाही. महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे परक्या मुलखातल्या पुस्तकांची सवय आहे; हे पुस्तक पैसे मोजून मागवले, वाचले, आणि मग हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या भाच्याच्या हाती दिले. पुढील मजकुरात दोन्ही वाचनांचा जमाखर्च आहे.

कूपलंड यांचा जन्म १९६१ साली पश्चिम जर्मनीतील कॅनडाच्या हवाई दलाच्या तळावर झाला, बालपण वेस्ट व्हँकुव्हरमध्ये गेले, आणि शिक्षण झाले ते शिल्पकलेचे. व्हँकुव्हरच्या एमिली कार कला महाविद्यालयातून १९८४ साली ते बाहेर पडले. शिवाय मिलान आणि साप्पोरो येथील डिझाइनच्या संस्थांतही ते शिकले. व्हँकुव्हरच्या धक्क्यालगत कन्व्हेन्शन सेंटरपाशी काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांनी रचलेला, संगणकाच्या पडद्यावरचे चित्र फार मोठे करून पाहावे तसा दिसणारा ऑर्का देवमासा उभा आहे, तो २००९ साली त्यांनीच केला. ही माहिती केवळ परिचयापुरती सांगत नाही. बाजारात रोज नजरेखालून जाणारी एखादी वस्तू उचलायची, तिला वेगळ्या जागी ठेवायचे आणि पाहणाऱ्याने काय समजावे ते सांगायचे नाही, ही दृश्यकलेतली रीत त्यांनी कादंबरीत आणली. उपरोधिक लेखक सहसा वाचकाला कोपराने ढोसून 'पाहिलेत ना?' असे विचारत राहतो. कूपलंड जाहिरातीतले वाक्य, ई-मेल, खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरचा मजकूर पानावर जसाच्या तसा मांडतात आणि पुढे निघून जातात.

१९९१ सालच्या 'जनरेशन एक्स' या त्यांच्या पहिल्या कादंबरीचा जन्मच गमतीदार आहे. प्रकाशकाने त्यांच्याकडे त्या काळच्या तरुण पिढीची ओळख करून देणारे माहितीपर पुस्तक मागितले होते. यांनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे किरकोळ नोकऱ्या करीत एकमेकांना गोष्टी सांगत बसणाऱ्या तिघा मित्रमैत्रिणींची कादंबरी लिहून दिली, आणि मूळ मागणीची आठवण म्हणून की काय, पानांच्या समासात व्याख्या, घोषवाक्ये आणि व्यंगचित्रे छापली. तुटपुंज्या पगाराची, ना प्रतिष्ठेची ना भवितव्याची अशी सेवाक्षेत्रातली नोकरी म्हणजे 'मॅकजॉब', ही त्यांपैकी एक व्याख्या. शब्द त्यांचा नव्हे, १९८६ साली तो वॉशिंग्टनच्या एका दैनिकात येऊन गेला होता. पण सर्वतोमुखी झाला तो या कादंबरीमुळे. २००३ साली अमेरिकेतील एका नामांकित शब्दकोशाने तो घेतला तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला, आणि २००७ साली ब्रिटनमध्ये त्याच कंपनीने कोशातील अर्थ बदलून मिळावा म्हणून सह्यांची मोहीम काढली. जगभर पसरलेल्या कंपनीने समासातल्या एका टिपेपायी कोशकारांच्या दारी निवेदन घेऊन जावे, हे एखाद्या विनोदी कादंबरीत घातले असते तर अतिशयोक्ती म्हणून आपण नाक मुरडले असते.

'जेपॉड'मध्ये हीच पद्धत पंधरा वर्षांनी अधिक मोकाट होऊन आलेली दिसते. संगणकाच्या गफलतीमुळे इंग्रजी 'जे' या अक्षराने आडनाव सुरू होणारे सहा जण कंपनीच्या एकाच कोपऱ्यात, म्हणजेच 'जेपॉड'मध्ये, बसवले जातात आणि तिथून हलण्याचा मार्ग कोणालाच सापडत नाही. निवेदक एथन जार्लेव्स्की हा त्यांपैकी एक. जॉन डो नावाचा दुसरा एक सहकारी कम्यूनमध्ये इतक्या जगावेगळ्या वातावरणात वाढलेला आहे, की मोठेपणी सरासरी माणूस होणे हेच त्याने आयुष्याचे ध्येय ठरवले आहे. इंग्रजीत कोणाही अनामिक माणसाला देतात ते हे नावसुद्धा त्याने त्याच हिशेबाने मागाहून निवडले आहे. नव्याने आलेली केटलिन आधी या कोपऱ्यातून सुटका करून घेण्याची धडपड करते. पुढे इथले सगळेच थोडेफार स्वमग्न आहेत असा सिद्धांत मांडते आणि माणसाला कवटाळणारे एक यंत्र बनवते. घरी तर याहून कहर आहे. एथनची आई तळघरात गांजा पिकवते, आणि तिच्या हातून मेलेल्या एका मोटारसायकलवाल्याचे प्रेत पुरायला मुलाला बोलावते. वडिलांना उतारवयात सिनेमात एखादे तरी संवाद असलेले काम मिळवायचे आहे. भाऊ चोरवाटेने आणलेले चिनी स्थलांतरित एथनच्या घरात आणून उतरवतो. हे सगळे ज्या स्वरात सांगितले आहे, तो स्वर छापखान्यातली शाई संपल्याचे सांगावे इतका थंड आहे, आणि पहिल्या शंभर पानांची सारी मजा या थंडपणात आहे.

बैठकांची प्रकरणे सर्वांत जमलेली आहेत. ज्याला कामातले कळत नाही त्याने सूचना करायची, ज्याला कळते त्याने ती वहीत टिपून घ्यायची, आणि मग त्या सूचनेच्या समर्थनार्थ तक्ते तयार करायचे, ही कचेरीतली नित्याची क्रिया कूपलंड इतक्या बारकाईने दाखवतात, की कुठेही आवाज न चढवता सबंध यंत्रणा हास्यास्पद होते. स्टीव्ह यांना खलनायक केलेले नाही, हे विशेष. ते बोलतात मोकळे, हसतात प्रसन्न, आणि आपण नासधूस करीत आहोत याची त्यांना पुसटशीही जाणीव नसते. पुढे कासवाचाही बेत मोडतो आणि त्याच खेळाचे राजपुत्र, जादू वगैरे असलेल्या परीकथेत रूपांतर करण्याचा हुकूम निघतो. तोवर झालेले सगळे काम पाण्यात. भाच्याने या प्रकरणापाशी पुस्तक उघडे धरून माझ्यापुढे केले आणि म्हणाला, "मावशी, हे आमच्याकडचंच आहे गं. फक्त आमच्याकडे कासवाच्या जागी चॅटबॉट घालायला सांगितला." त्यांचे सॉफ्टवेअर गोदामातला माल मोजण्याचे आहे. त्याला गप्पा मारणारा चॅटबॉट कशाला हवा, हे त्याने साहेबांना विचारले नाही. मी विचारले तर तो नुसता हसला. २००६ सालची कादंबरी जुनी झाली की नाही, याचा निवाडा माझ्या दृष्टीने तिथेच झाला.

दुसरी उत्तम जागा म्हणजे रोनाल्डला लिहिलेली पत्रे. मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातीतला तांबड्या केसांचा विदूषक आपल्याकडच्या काही शाखांतही बाकावर हात पसरून बसलेला असे, आणि मुलांना त्याच्या शेजारी बसवून फोटो काढण्याची टूम होती. कंपनीच्या वेळेत, पगारी तासांत, हे सहा जण एकमेकांना आव्हान देतात, की रोनाल्डने आपलाच जोडीदार म्हणून स्वीकार करावा असे पटवून देणारे पत्र प्रत्येकाने लिहायचे. पत्रे एकापाठोपाठ एक छापलेली आहेत. जाहिरातीतल्या पुतळ्यापुढे मन मोकळे करण्याची ही कल्पना वरवर पोरकट आहे, पण वाचता वाचता लक्षात येते, की ज्यांना शेजारच्या टेबलावरच्या माणसाला धड 'जेवलास का' असे विचारता येत नाही, ते या विदूषकापुढे मात्र आपला हेवा, आपली हाव आणि आपला एकटेपणा बिनदिक्कत उघडा करतात. खेळाचे वाटोळे झाल्यावर ही मंडळी जो सूड घेतात, त्यातही हाच रोनाल्ड खुनशी रूप घेऊन खेळाच्या आत गुपचूप लपवला जातो. लहानपणापासून ज्या ब्रँडांनी आपल्याला वाढवले त्यांच्यावर प्रेमही करायचे आणि त्यांचा सूडही घ्यायचा, ही गुंतागुंत कूपलंड यांना जितकी कळली आहे तितकी नुसती टीका करणाऱ्या लेखकांना कळत नाही. ते उंच टेकडीवरून बाजाराकडे पाहत नाहीत. स्वतः पिशवी घेऊन बाजारात फिरत असतात.

एवढी स्तुती केल्यावर आता आकड्यांच्या पानांकडे वळले पाहिजे, कारण पुस्तक विकत घेणाऱ्याने त्यांचेही पैसे मोजलेले असतात. काम टाळण्यासाठी ही मंडळी कोडी घालतात आणि लेखक ती कोडी पूर्णच्या पूर्ण छापतो. वर्तुळाच्या गणितातल्या 'पाय' (π) या संख्येचे एक लाख अंक, त्यांतला एक चुकीचा. दहा हजार ते एक लाख यांमधील ८,३६३ मूळ संख्यांची यादी, तीत एक संख्या मूळ नसलेली. आणखी एका ठिकाणी यादृच्छिक अंकांचा नुसता सडा, आणि त्यात कुठेतरी शून्याच्या जागी 'ओ' हे इंग्रजी अक्षर. ओळीमागून ओळ आणि पानामागून पान हे चालते. इंटरनेटवर माहितीचा जो निरर्थक ढीग आपल्या अंगावर येत असतो तो पुस्तकात आणून ओतला, म्हणजे त्याचे विडंबन झाले, अशी यामागची भूमिका दिसते. पहिल्या पानाला हसू येते. दुसऱ्या पानाला धाडसाचे कौतुक वाटते. त्यापुढे आपण केवळ बोटाने कागद सरकवत असतो, आणि कचऱ्याचे विडंबन करायला तेवढाच कचरा लागतो का, हा प्रश्न मनातून जात नाही. माझे उत्तर नकारार्थी आहे. बैठकीच्या प्रकरणात हाच लेखक तीन वाक्यांत जे करतो, ते इथे त्याला अनेक पानांत साधलेले नाही.

भाच्याचे मत मात्र निराळे पडले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. त्याने मूळ संख्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, त्यांतले आकडे वाचून घेणारे अ‍ॅप चालवले आणि मूळ नसलेली संख्या शोधणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. निकाल आला तो भलताच. दोषी संख्या डझनांनी निघाल्या. अ‍ॅपने कुठे ३ चा ८ वाचला होता, कुठे १ चा ७. मग एकेक संशयित संख्या घेऊन, भिंग लावून, छापील पानाशी पडताळणी सुरू झाली, आणि दिवाळीच्या सुट्टीतली एक अख्खी दुपार सोफ्यावर त्यात गेली. खरी संख्या त्याला सापडली; ती इथे सांगत नाही, ज्यांना हौस असेल त्यांनी शोधावी. "ऑफिसचं काम असतं तर मी इतकं केलं नसतं," असे तो स्वतःच म्हणाला. कादंबरीतले सहा जण कामाच्या वेळी नेमके हेच करीत असतात, तेव्हा लेखकाचा डाव एका वाचकावर तरी साधला, असे मान्य करावे लागेल.

स्वतः कूपलंड या कादंबरीत पात्र म्हणून येतात. सुरुवातीच्याच संवादात ही मंडळी त्यांच्या नावाने बोटे मोडतात, पुढे चीनला जाणाऱ्या विमानात ते प्रत्यक्ष भेटतात, आणि शेवटी एथनच्या लॅपटॉपवर, म्हणजे पर्यायाने त्याच्या आयुष्यावर, ताबा मिळवतात. हा कूपलंड कपटी, कोरडा आणि संधिसाधू आहे. लेखकाने स्वतःला इतके काळे रंगवणे हा विनयाचा प्रकार आहे की जाहिरातीचा, यावर मी बराच विचार केला. मला तो जाहिरातीच्या जवळचा वाटतो: सगळ्या गोष्टींची वस्तू होते, मग लेखक तरी कसा सुटेल, असे म्हणत आपलेच नाव मालावर ठळक छापून घेण्यासारखा. युक्ती चलाख आहे, पण चलाखीपलीकडे जात नाही.

कादंबरीतली खरी उणीव मात्र याहून खोल आहे, आणि ती समजण्यासाठी कूपलंड यांचीच १९९५ सालची 'मायक्रोसर्फ्स' शेजारी ठेवून वाचावी लागते. तिची सुरुवात १९९४ सालच्या जानेवारीत 'वायर्ड' मासिकात आलेल्या कथेतून झाली. मायक्रोसॉफ्टमध्ये राबणारी मित्रमंडळी नोकरी सोडून कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढतात, एवढीच तिची गोष्ट. आरंभीच मायकेल नावाच्या प्रोग्रामरला बिल गेट्स यांचा खरमरीत ई-मेल येतो आणि तो स्वतःला खोलीत कोंडून घेतो. बाहेर मित्र जमतात, चर्चा करतात, मग दुकानात जाऊन दाराच्या फटीतून आत सरकवता येतील असे सपाट पदार्थ आणतात, चीजचे पातळ चौकोन आणि खारी बिस्किटे वगैरे, आणि एकेक करून आत ढकलतात. पुढे मायकेल सपाट अन्नच खाण्याचे व्रत घेतो. हा प्रसंग वाचून मी मनापासून हसले, आणि हसता हसता गळ्याशी काहीतरी आले. पाकिटातल्या अन्नाची, कंपनीच्या दहशतीची, खोलीत कोंडून घेण्याच्या त्या वयाच्या हट्टाची थट्टा तर होतेच, पण दाराबाहेर गुडघे टेकून चीज सरकवणाऱ्या मित्रांचा जीव आतल्या माणसासाठी तुटतो आहे, हेही त्याच कृतीत दिसते. निवेदकाचा एक भाऊ लहानपणी वारलेला आहे, वडिलांची आयबीएममधली नोकरी उतारवयात जाते, शेवटी आईला पक्षाघात होतो. विनोद या सगळ्यांच्या अंगावरून जातो आणि त्यांना लागतो.

'जेपॉड'मध्ये प्रेत पुरले जाते तरी कोणाला काही लागत नाही. माणसे चोरवाटेने आणली जातात, स्टीव्ह चीनमध्ये पळवले जाऊन नशेच्या आहारी जातात, आणि एथन हे सगळे पायच्या अंकांइतक्याच उत्साहाने सांगतो. हा थंडपणा हेतुपुरस्सर आहे. सगळेच एका क्लिकवर मिळू लागल्यावर माणसाची कशानेही चकित होण्याची शक्ती गेली, असे लेखकाला दाखवायचे आहे. हेतू कळतो, तरी किंमत चुकवावी लागतेच. आम्हा सांगलीकरांना हा हिशेब नवा नसावा. जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाची आणि लग्न जुळवून देणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताची यथेच्छ टवाळी केली, प्रेक्षक पोट धरून हसले; पण त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात जिला बांधायचा घाट घातला होता ती कोवळी शारदा रंगमंचावर उभी होती. त्या टवाळीला धार आली ती तिच्यामुळे. 'जेपॉड'मध्ये भुजंगनाथ आहेत, भद्रेश्वर तर घाऊक आहेत, शारदा मात्र कोणी नाही. केटलिन ती होऊ शकली असती. सुरुवातीला तिला या जागेचा जो उबग येतो तो खरा आहे, पण लेखक शंभरेक पानांत तिलाही इतरांसारखी चटपटीत बोलायला लावतो आणि ती त्या गर्दीत मिसळून जाते.

काळाबरोबर काय शिळे झाले, हेही पाहिले पाहिजे. त्या काळचे फोन, खेळांची यंत्रे, दूरचित्रवाणीवरच्या मालिका यांचे उल्लेख आज अडखळवतात, आणि काही ठिकाणी थट्टा कशाची चालली आहे हेच आपल्याला उमगत नाही. ब्रँडांच्या नावावर उभारलेल्या विनोदाला हा शाप असतोच. गंमत अशी, की पद्धत मात्र शिळी झालेली नाही. आमच्या विश्रामबाग चौकात 'युवकांचे आशास्थान, भावी नगरसेवक' यांच्या वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो, त्यावर वर नेत्यांची मोठी मुंडकी, मध्ये गॉगल लावलेले उत्सवमूर्ती आणि खाली पासपोर्ट आकाराची तीसचाळीस शुभेच्छुक तोंडे नावांसह असतात. मराठी विनोदी लेखक त्यावर खुसखुशीत लेख लिहील. कूपलंड बहुधा तो फ्लेक्स अक्षरन् अक्षर, शुभेच्छुकांच्या नावांसकट, एका पानावर उतरवून घेतील आणि पुढच्या पानावर गोष्ट चालू ठेवतील. दुसरी रीत अधिक बोचरी ठरू शकते, असे मला 'जेपॉड' वाचल्यावर वाटू लागले आहे.

आशियाई माणसांच्या चित्रणाविषयी एक तक्रार राहते. काम फाँग हा माणसांची तस्करी करणारा पण नृत्याचा शौकीन चिनी दादा मजेदार असला, तरी ठरीव साच्यातला आहे, आणि चीनमधली प्रकरणे परदेशी पाहुण्याच्या खिडकीतून पाहिलेली आहेत. तीन वर्षांनी, २००९ साली आलेल्या 'जनरेशन ए'मध्ये कूपलंड यांनी ही बाजू बरीच सुधारली. मधमाश्या नामशेष झाल्या आहेत असे समजल्या जाणाऱ्या जगात पाच देशांतल्या पाच जणांना मधमाशी चावते, ही त्या कादंबरीची कल्पना. त्यांपैकी हर्ज हा श्रीलंकेतील त्रिंकोमालीचा. २००४ सालच्या त्सुनामीत त्याचे कुटुंब गेले आहे, आणि तो एका अमेरिकी कपड्यांच्या ब्रँडसाठी कॉल सेंटरमध्ये फोन घेतो. ज्या संस्कृतीत कधी पाऊल ठेवले नाही तिच्या स्वेटरांचे रंग तो तोंडपाठ सांगतो. रात्रपाळीत परक्या नावाने फोन उचलणारी मुले आपल्याकडेही एका पिढीने पाहिली आहेत, त्यामुळे हर्जची तिरकस नजर इथल्या वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. पाश्चात्त्य लोकप्रिय संस्कृतीकडे बाहेरून, पण तिचाच नोकर होऊन पाहणारे हे पात्र मला जेपॉडच्या सहाही जणांपेक्षा मोलाचे वाटते.

आता खरेदीविषयी. पुस्तक सांगलीच्या दुकानांत मला मिळाले नाही, ऑनलाइन मागवावे लागले. विक्रेत्याने पहिल्यांदा मुखपृष्ठ दुमडलेली प्रत पाठवली आणि तक्रार केल्यावर बदलून दिली. चारशेहून अधिक पानांचे हे पुस्तक हातात जाडजूड वाटते, पण वाचायला त्या मानाने वेळ लागत नाही. इंग्रजी सोपे आणि वाक्ये आखूड आहेत. बारावीनंतर इंग्रजीशी संबंध तुटलेल्यालाही संवादांची प्रकरणे सहज वाचता येतील, अडेल तो ब्रँडांच्या आणि मालिकांच्या नावांपाशी. ई-पुस्तक घेऊ नये. कुठे अक्षरे भलतीच मोठी, कुठे पानभर एकच शब्द, कुठे आकड्यांच्या भिंती, ही मांडणी छापील पानासाठी बेतलेली आहे. मोबाइलवर नमुन्याची पाने उघडून पाहिली तर ती ओळी तुटून विस्कटलेली दिसली आणि त्यातला विनोदही गेला. या कादंबरीवर कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २००८ साली १३ भागांची मालिका केली होती आणि तेवढ्यावरच ती बंद केली. मालिकेच्या शोधात न पडता पुस्तकच वाचावे.

घरातला मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअरमध्ये असेल तर बैठकीची आणि कासवाची प्रकरणे त्यांच्याबरोबर बसून मोठ्याने वाचावीत, स्पष्टीकरण मागण्याची गरज पडणार नाही. कूपलंड यांचे एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल तर 'मायक्रोसर्फ्स' घ्यावे. 'जनरेशन एक्स' समासांतल्या टिपांसाठी चाळावे, गोष्टीसाठी नव्हे. 'जेपॉड' मित्राकडून किंवा एखाद्या ग्रंथालयातून मिळाले तर अवश्य वाचावे, आणि आकड्यांची पाने आली की गणिताची हौस नसलेल्यांनी ती बेधडक उलटावीत. गोष्ट त्यांच्या पलीकडे जिथल्या तिथे उभी असते.